राहिलेली तार

“नवसाबाई, हा पियानो जरा बिघडवून द्या.”

नवसाबाईंचा झाडू थांबला. “लोक दुरुस्तीला माणूस बोलावतात दादा, अन तुम्ही बिघडवायला?”

शाळेला मे महिन्याची सुट्टी. लोडशेडिंगमुळे हॉलमधले पंखे थांबलेले. कान लावायला दुपार चांगली होती. सोमवारी मुंबईला कुंदनची पियानो जुळवायची परीक्षा. रोज तो इथं एकटाच येई, तारा सैल करी, पुन्हा जुळवी आणि स्वतःला पास करी. पण आपण बिघडवलेलं आपल्याला सापडतंच, हाताला आठवतं. कान खरंच तयार झाला का, हे कळायला दुसरा हात हवा. घरी दुसरा हात नव्हता.

त्यानं पाना त्यांच्या हातात दिला. “खुंटीवर बसवायचा, केसभर फिरवायचा. कुठल्या फिरवल्या ते सांगू नका.” आणि बाहेर गुलमोहराखाली पाठ करून उभा राहिला.

“या आता!”

एका पट्टीला तीन तारा. एक जरी घसरली तरी सूर विहिरीतल्या पाण्यासारखा हिंदकळतो. नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा तारांमध्ये खोचून तो एकेक तार वेगळी ऐकत गेला, खुंट्या फिरवत गेला. पाणी निवळलं.

“झालं. सगळ्या सापडल्या.”

“नाय सापडल्या,” खिडकी पुसता पुसता नवसाबाई म्हणाल्या. “एक राहिली.”

कुंदनचा चेहरा उतरला. तो पुन्हा बसला, अगदी खर्जापासून. नवसाबाईंनी पुसलेले बाक पुन्हा पुसायला घेतले. बोलत होत्या, सायखेड्याचं घर, नदीचा पूर, पुरात धरून ठेवलेली शेळी. त्यानं पट्टी दाबली की गप्प होत. सूर विरला की पुढं सांगू लागत.

एका तारेपाशी तो अडला. पाना खुंटीवर बसवला. फिरवला मात्र नाही. काढून घेतला.

“नाही बाई. एकही राहिलेली नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

नवसाबाईंनी फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

“मग झाला तुम्ही पास. नव्हतीच राहिली.” त्या खाली बघत म्हणाल्या, “तुम्ही लगेच निघाला असता दादा. घरी गेलं की कुलूप आपलं आपणच उघडायचं.”

कुंदननं पाना पिशवीत टाकला. झाकण लावलं. पिशवी खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेला.

मग परत फिरला. झाकण उघडून सगळ्यात खालची पट्टी दाबली.

“बघतो अजून एकदा,” तो म्हणाला. “असेल एखादी.”

सूर विरेपर्यंत नवसाबाई गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “तर ती शेळी...”