बेचाळिसावी कादंबरी

भुताटकीची हवेली, कुलूपबंद खोली आणि शेवटी निर्दोष ठरणारा संशयित नवरा, एवढ्या भांडवलावर एका थोर लेखिकेने बेचाळीस कादंबऱ्या पाडल्या. आमच्या हिने एक्केचाळीस मिळवल्या. बेचाळिसावी अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी वाचनालयातून नेली, ती परत आलीच नाही.

"कोण मेला माझं पुस्तक दाबून बसलाय?" असं ही रोज विचारायची, तेही मी टेकू लावून दिलेल्या तिच्या डगमगत्या खुर्चीत धपकन बसून.

काल तिने खुर्ची दुरुस्त करायला आलेल्या सुतारालाही तेच विचारलं. त्याने खुर्ची उचलली, टेकूवरची धूळ झटकली, नाव वाचलं आणि म्हणाला, "वहिनी, यावर तर तुम्हीच बसला होतात!"



बेचाळिसाव्या कादंबरीत मात्र नवराच गुन्हेगार निघाला.