खांद्यावरची थाप

शर्यतीची होडी वल्हवणारा पाठमोराच पुढे जातो. म्हणून मामा दर वेळी बजावायचा, "मान वळवून बघत जा गं! मोठ्या बोटी तुझ्यासाठी थांबणार नाहीत."

ती कधीच बघत नसे. तिच्या एका माणसाच्या होडीत, वाटेत बोट आली की खांद्यावर हळूच थाप पडायची. डाव्या खांद्यावर पडली की ती उजवीकडे वळायची. फुकटात एवढं करणाऱ्याला निरखून बघणं बरं दिसत नाही, असं तिचं मत.

आज ऐन शर्यतीत दोन्ही खांदे एकदम घट्ट धरले गेले. ती थांबली. मालवाहू बोट होडीच्या टोकाला घासून गेली.

"फार उपकार झाले हो," ती अगदी मनापासून म्हणाली.

"उपकार कसले, पोरी?" मानेजवळून आवाज आला. "जरा सरक."