मिठाला वास नसतो

"हाड नको, नुसता रस्सा द्या," मालन म्हणाली आणि तिनं पदर पुढं ओढून घेतला.

कासमभाईची पळी पातेल्यातच थांबली. "पाया आहे भाभी. हाड काढलं तर राहिलं काय?"

परळच्या इस्पितळाच्या फाटकाशी त्याची हातगाडी उभी असे. हिरव्या पाटीवर वेड्यावाकड्या अक्षरांत 'हलाल पाया-पाव' लिहिलेलं. दीड रुपयात वाटीभर रस्सा आणि दोन पाव. इतक्या स्वस्तात पोट भरणारी दुसरी जागा मालनला तरी ठाऊक नव्हती. हलालचं तिला काही नव्हतं. गावी देवीच्या जत्रेतला बोकड कापायलासुद्धा मुलाणीच यायचा. अडचण वेगळीच होती.

"नवस आहे," ती हळूच म्हणाली.

वर वॉर्डात तिचं दीड महिन्याचं पोर जुलाबांनी चिपाड होऊन पडलं होतं. वरचं दूध त्याला सोसत नव्हतं, आणि अंगावरचं आटलेलं. पोर घरी येईस्तोवर मालन मटण-मासळी तोंडाला लावणार नाही, असं सासूनं, सुभद्राबाईनं, त्याच्या उशाशी नारळ ठेवून देवीला सांगून टाकलं होतं. गिरण्या बंद पडून दीड वर्ष झालेलं. घरात मटण शिजत होतंच कुठं? सोडायला सोपं तेच सासूनं सोडलं. पण आज सकाळी नर्स खेकसली, "बाई, नुसत्या चहा-पावावर दूध येतं का? नीट खा, नाहीतर पोराचं मी काही सांगत नाही." एरवी चाळीत कुणी बाळंत झालं की पायाचा रस्सा घेऊन धावायची ती सुभद्राबाईच. नर्सपुढं तीही खाली बघत उभी राहिली.

"तुमचा नवस, माझा रोजा," कासमभाई म्हणाला. "दोघं उपाशी, बीचमध्ये एवढं मोठं पातेलं!"

मालनला हसू आलं नाही. ती जायला वळली.

"थांबा. एक काम करा माझं. मीठ तेवढं बघून सांगा."

"मी?"

"मला जीभ लावता येत नाही ना. मसाल्याचं नाक सांगतं. मिठाला वास नसतो. गिरणी चालू होती तवा रमजानात आनंदा जॉबर यायचा, पहिली वाटी त्याची. मीठ तो सांगायचा." त्यानं समोरच्या गिरणीच्या बंद फाटकाकडं मान उडवली. तिथं पोलीस खुर्चीत डुलक्या घेत होता. "आता कोण सांगणार?"

बाकड्यावर एकजण हात गळ्यात बांधून पाव बुडवत बसला होता. "मी खातोय की, चाचा. बरोबर आहे."

"तू गप. तुला फुकट दिलं तर समुद्रपण गोड लागेल."

मीठ बघणं म्हणजे काही खाणं नव्हे. मालननं मनाशी तसं ठरवलं आणि त्यानं पुढं केलेल्या वाटीतला एक घोट घेतला. गरम, चिकट, मिऱ्याचा रस्सा घशातून सरळ छातीकडं उतरला. तिचे डोळे मिटले.

"कमी आहे," ती म्हणाली.

त्यानं पातेल्यात चिमूट टाकली, ढवळलं, वाटीत ओतलं. तिनं पुन्हा बघितलं.

"अजून जरासं."

पुन्हा चिमूट. या वेळी बोटं पातेल्यावर नुसतीच चोळली गेली. त्यांत मीठ नव्हतं. मालनला ते दिसलं. तिनं तिसऱ्यांदा वाटी तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतली नाही.

"बाई मीठ बघतायत का जेवतायत?" बाकड्यावरचा म्हणाला.

कासमभाईनं त्याच्याकडं पाठ केली. वाटीत अलगद एक नळी सोडली, वर दोन पाव ठेवले. "रश्शात उतरलं. आता हाडात उतरलं का, तेवढं बघा."

मालननं नळी चोखली. पावाचा शेवटचा तुकडा वाटीला कडेनं फिरवून खाल्ला. पैसे दिले. नळावर हात धुतले, साबण नव्हता म्हणून भिंतीची माती लावून पुन्हा धुतले. नखं पिवळी ती पिवळीच राहिली.

वर सुभद्राबाई पोराला मांडीवर घेऊन हलत बसली होती. पोर रडतही नव्हतं, नुसता ओठ वाकडा करत होतं. मालननं हात पुढं केले. सासूनं पोर दिलं नाही. तिनं मालनचा हात धरला, बोटं नाकाशी नेली.

"आत्ती... मीठ बघितलं फक्त."

"किती वाट्या?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली.

सुभद्राबाईनं तिचा हात सोडला. उशाशी लाल फडक्यातला नारळ होता, शेंडी वर केलेला. तिनं तो उचलला. कपाळाला लावला, आणि पिशवीत, पोराच्या ओल्या दुपट्यांच्या तळाशी खोल कोंबला. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"घे," ती म्हणाली. "देवीचं लक्ष नाही तोवर पाज."

पोरानं तोंड लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. दोघी मान खाली घालून, श्वास रोखून ऐकत राहिल्या. त्याच्या घशात कुठं एखादा घोट वाजतोय का.