मेटाडोरीतला मुक्काम

"गाडीत कोन कोन ऱ्हातं?" मेंढक्यानं खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून विचारलं.

रामप्रसादनं चहाचा कप खाली ठेवला. "काहून? तुला काय करायचं?"

"न्हाई, पुसलं आपलं. आत पलंग दिसून राहिला, चूल दिसून राहिली. घरच हाय म्हना की." मेंढक्या हसला. मसाजी त्याचं नाव. मेंढरांना पाला तोडायची कुऱ्हाड त्याच्या खांद्यावर होती. "दुपारी आत बसू नका, मालक. पत्रा लई तापतो. तिकडं निंबाखाली जा समदे."

"आमचं आमी बघू. तू गाडीपासून लांब ऱ्हा."

मसाजी मेंढरं हाकत निघाला, पण जाताना मागं वळून वळून गाडीकडं पाहत गेला.

रामप्रसादचं डोंगरकडा गावात वेल्डिंगचं दुकान होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी त्यानं भंगारातली मेटाडोर घेतली आणि पलंग, शेगडीचा ओटा, पडदे, सगळं आपल्या हातानं बसवलं. लेकीला, नंदिनीला, धरण दाखवायचं त्यानं कबूल केलं होतं. मुहूर्त लागला तो मे महिन्यात. इसापूर धरणाच्या फुगवट्याकाठी ते काल सांजेला उतरले, तर पाणी आटून पार लांब गेलेलं. मधे नुसती भेगाळलेली काळी जमीन.

त्यात सडकेवरच्या हॉटेलवाल्यानं भीती घातली होती. परवाच म्हणे इथं एक जीप लुटली, बाईच्या कानातलं ओढून कान फाडले, नवऱ्याचा पाय मोडला. रामप्रसादचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

"मला तर मानूस बरा वाटला," त्याची बायको रागिणी म्हणाली.

"बरा? आपल्याला गाडीतून बाहेर काढायला बघून राहिला त्यो. तुला कळत न्हाई."

उन्हं डोक्यावर आली तशी रागिणी धुण्याची बादली घेऊन पाण्याकडं निघाली. "आई, मी बी!" म्हणत नंदिनी उड्या मारत तिच्यामागं गेली.

रामप्रसादनं बॉनेट उघडलं. रेडिएटरला पाणी घातलं, पट्टा ताणून पाहिला, बॅटरीच्या तारा घासल्या. घामानं डोळे चुरचुरत होते. लेकीनं सकाळपासून सरबताचा हट्ट धरला होता. सडकेवरून बर्फ आणावा, असं त्याच्या मनात आलं. त्यानं बॉनेट आपटलं, बाहेरूनच खिडक्या सरकवून घट्ट केल्या, मागचं उघडं दार लोटून कुलूप ठोकलं आणि तो निघाला.

बर्फाची गाडी अजून यायची होती. हॉटेलच्या बाकड्यावर तो बराच वेळ बसला. बर्फाची लादी मिळाली तशी पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेतली आणि झपाझप परत फिरला.

टेकाडावरून उतरताना काच फुटल्याचा आवाज आला.

मसाजी खिडकीतून कमरेपर्यंत आत शिरला होता. पाय बाहेर लोंबत होते. कुऱ्हाड खाली पडली होती.

रामप्रसादनं बर्फ फेकला आणि धावत जाऊन त्याचे दोन्ही पाय ओढले. फुटक्या काचेवरून मसाजीचं पोट, छाती, तोंड खरवडत बाहेर आलं. तो जमिनीवर पडला तोवर कुऱ्हाड रामप्रसादच्या हातात होती. त्यानं तुंब्याकडून, बोथट बाजूनं, पहिला घाव खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं त्याला हातात जाणवलं.

"मालक..." मसाजीनं दुसरा हात वर केला. "आत... आत हाय..."

म्हणजे जोडीदार आत होता. रामप्रसादनं वर केलेल्या हातावर घाव घातला, मग गुडघ्यावर, मग डोक्यावर. मसाजीचं पागोटं रक्तानं भिजलं. तरी तो सरपटत दाराकडं निघाला. रामप्रसादनं त्याच्या बोटांवर बूट दाबला तेव्हा कुठं तो निपचित झाला.

"बाहेर ये!" खिडकीशेजारी पत्र्याला पाठ लावून तो ओरडला. पाठ भाजत होती. "न्हाईतर तुलाबी हितंच तोडतो!"

आत काहीतरी खरखरलं. एक भांडं पडलं. आतल्याच्या हाती चाकू असेल म्हणून त्यानं डोकावलं नाही. कुऱ्हाड उगारून तो तसाच उभा राहिला. मग आतला आवाजही थांबला.

पाण्याकडून रागिणी आली. रक्त पाहून तिच्या हातची बादली सुटली, धुतलेले कपडे मातीत पसरले.

"थांब तिथंच!" रामप्रसाद ओरडला. "एकाला आडवा केला, दुसरा आत हाय. नंदिनीला घेऊन मागं सर!"

रागिणीच्या मागं कोणीच नव्हतं.

"नंदिनीला?" ती म्हणाली. "तिचे पाय पोळून राहिले म्हून वाटेतूनच माघारी धाडलं तिला. गाडीत जाऊन नीज म्हनलं."