आपला डोंगर

ज्वालामुखीचं बेट बघून आलेली सोनाली भूगावच्या घरात आईला तिथली रीत सांगत होती. "डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यांनी अनवाणी उभं राहायचं, 'वर येऊ का?' म्हणून विचारायचं, मगच पाऊल टाकायचं. तिथला खडासुद्धा कुणी उचलत नाही, आये."

"आमीबी मेंढरं वर न्यायच्या आदी भंडारा वाहून इचारायचो की," तुकाबाई म्हणाली. "अन् त्या डोंगराला खरंच कुणी हात लावत न्हाई?"

"कोण लावेल? रागावला तर आग ओकतो तो."

घरामागं पोकलेन खडक फोडत होता. तुकाबाईनं निम्म्या उरलेल्या टेकडीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आपला कदी रागावलाच न्हाई बघ. तितंच चुकलं त्याचं."