हरिबाच्या वाडीचा निरोप

शिवकन्याने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे जुनं पोर्ट ठेवायचं की काढायचं?

"काढा," मोहनराव म्हणाले.

मोहनराव धारूरच्या दूध संघाचे चेअरमन. दुष्काळात संघाने गुरांची छावणी उघडली, टँकरही सुरू केले, आणि सगळा भार एका जुन्या सर्व्हरवर पडला. त्याच्या पोटात तीन आभासी संगणक चालायचे. एक दूध संकलनाचा, दुसरा छावणीचा, तिसरा टँकरचा. दुपारी ऊन चढलं की तिन्ही एकदम गोठायचे, आणि गावोगावचे टँकर जागच्या जागी उभे राहायचे. घाटनांदूरच्या शिवकन्याने पुण्यात सहा वर्षं हेच काम केलं होतं, म्हणून तिला बोलावलं. तिने कर्नेल, म्हणजे यंत्राच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम, नव्याने बांधायला घेतला होता. हजारो भागांतून लागतील तेवढेच ठेवायचे, बाकीचे गाळायचे. मग यंत्र हलकं होणार होतं.

ते जुनं पोर्ट म्हणजे सर्व्हरला वायर जोडायची खाच; तिला एकच वायर होती, हरिबाच्या वाडीचे निरोप घेणाऱ्या रेडिओ रिसीव्हरची. वाडी बालाघाटाच्या डोंगरात, मोबाइलला रेंज नाही. तिथे संघाने रेडिओवर चालणारी, सौर पट्टीची एक पेटी बसवली होती. टँकर हवा असला की धुळाजी चारच्या सुमाराला तिचं बटन दाबायचा. पडद्यावर दोनच शब्द उमटायचे : टँकर पाठवा.

धुळाजी दिवाळीच्या तोंडावर वारला. त्याचे दिवस करून अख्खी वाडी ऊसतोडीला कर्नाटकात गेली. धुळाजीची बायकोही पोरांबरोबर गेली, असं सगळे सांगत. वाडी ओस पडली.

आणि फाल्गुनापासून निरोप पुन्हा सुरू झाले. रोज, चारच्या सुमाराला.

कारकून शहादेव चार वाजले की खुर्ची सोडून बाहेर जाऊन उभा राहायचा. शिवकन्याने विचारलं, कुणी वर जाऊन पाहिलं का? तेव्हा टँकरवाला कचरू म्हणाला, "मी गेलतो. कुणी न्हाई तिथं."

तो मान वर न करता बोलला. मोहनरावांनी विषय संपवला. यंत्र बिघडलंय, त्यामुळे माणसं घाबरतात, हे नको.

शिवकन्याने ते पोर्ट गाळलं. कर्नेल बांधून व्हायला पाच तास लागले. खोलीतला पंखा गरम वारा फेकत होता. सर्व्हर बंद करून चालू केला, तर तिन्ही संगणक झरझर उठले. त्या दिवशी काही गोठलं नाही. चार वाजले तरी पडदा कोरा राहिला. शहादेवने पहिल्यांदाच खुर्चीत बसून चहा घेतला.

तिला मात्र ती शांतता सोसेना. चार वाजले की तिचे हात आपोआप थांबत. आपण यंत्र दुरुस्त केलंय की कुणाच्या तोंडावर हात ठेवलाय, हे तिला कळेना. बाराव्या दिवशी मोहनराव बीडला गेलेले असताना तिने ते पोर्ट पुन्हा घेतलं आणि कर्नेल नव्याने बांधला.

रिसीव्हरमध्ये निरोप साठून राहत होते. सर्व्हर उठला तसे ते एकामागून एक पडद्यावर पडले. टँकर पाठवा. टँकर पाठवा. प्रत्येकापुढे तारीख, प्रत्येकापुढे चारची वेळ. शहादेव भिंतीला टेकला.

शिवकन्याने मोजले. पोर्ट बंद होतं अकरा दिवस. निरोप आठ होते. शेवटच्या तीन दिवसांचा एकही नव्हता.

तिने कचरूला टँकर काठोकाठ भरायला सांगितला आणि स्वतः त्याच्याशेजारी चढून बसली. घाट चढून होताच कचरूने गाडी हळू केली. मग म्हणाला, "ताई, मी वरपर्यंत गेलोच न्हाई. वळणावरून माघारी आलो. धुळाजीला मीच खांदा दिलता. भ्या वाटलं."

तिनेही एक ओळ गाळली होती.

वाडीत सगळ्या दारांना कड्या घातलेल्या होत्या. कचरूने भोंगा वाजवला. त्याचा आवाज डोंगरावर आदळून परत आला. शिवकन्या खाली उतरली. तीन दिवस, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. प्रत्येक दार ती हाताने चाचपत गेली.

शेवटच्या घराच्या ओसरीवर एक म्हातारी बसली होती. पांढरं कपाळ, काटक अंग, पुढ्यात निवडायला घेतलेली ज्वारी. ती धुळाजीची बायको सत्यभामा होती. पोरांनी तिला ट्रॅक्टरात बसवलं होतं, पण वळणावर ती उतरली आणि मालकाचं घर सोडवेना म्हणून चालत माघारी आली.

शिवकन्या तिथेच पायरीवर बसली. तिने विचारलं, "मावशी, तीन दिवस बटन का दाबलं नाही?"

"बटन दाबलं, निरोप खाली पोचला की पेटीवर हिरवा दिवा लागायचा. तो लागायचाच थांबला. आठ दिवस वाट पाह्यली. मग वाटलं, खाली धारूरलाच कुणी राह्यलं न्हाई."

कचरू मान खाली घालून आला आणि म्हणाला, "चुकलं आमचं. टँकर आणलाय, मावशी. कुठं ओतू?"

सत्यभामा उठली. टँकरपाशी जाऊन तिने पत्र्यावर थाप मारली, कान देऊन ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भरलेला कशापायी आणला? गावाची तहान गावासंगं गेली, माझ्या एकटीच्यानं झिऱ्याचं पाणी सरंना, वाहून चाललंय. मी रोज रिकामा टँकर बोलवीत होते."