अध्यक्षांची घंटा

उद्योगपतींच्या बैठकीचा विषय होता आपल्या भागाची वाढ आणि नव्या तंत्रानं केलेली उलथापालथ. अध्यक्ष मी, म्हणून वेळ संपल्याची घंटा माझ्यापुढे. बोलायला माझा साडू उभा राहिला. कधीकाळी माझ्याच कारखान्यात राबायचा. आज त्याच्याच यंत्रांनी माझे निम्मे विभाग बंद पाडलेत. लोक कानांत प्राण आणून ऐकत होते. माझ्या पोटात दुखत होतं. वेळ शिल्लक असतानाच मी घंटा बडवली. तो अर्ध्या वाक्यावर थांबला, हसला, बसला. मग माझी पाळी. घंटा त्याच्यापुढे सरकवून म्हणालो, “साडूभाऊ, आता तुम्ही वाजवा.” मी बोलत राहिलो. समोर जांभया सुरू झाल्या, तरी घंटा वाजेना. वळून पाहिलं. शेजारचे शेठ घंटेकडे हात नेत होते; साडूनं ती तळहाताखाली दाबून धरली होती. “बोलू द्या,” तो कुजबुजला, “माझा वेळ उरलाय.”